दुसरा खटका

जळालेल्या टेम्पोतून काढलेला कनेक्टर संजीवनी थोरवडेच्या टेबलावर आला, तेव्हा त्याला अजून धुराचा वास येत होता. सीलबंद पिशवी, पिशवीवर चौकशी समितीचा शिक्का आणि सोबत दोन ओळींचं पत्र. दोष वस्तूचा की माणसाचा, हे आठ दिवसांत कळवावे.

तिनं पिशवी फोडली, तुकडा भिंगाखाली धरला. पाच मिनिटांत तिला उत्तर मिळालं. दोष माणसाचा होता.

विजेवरच्या गाडीत बॅटरीपासून मोटरपर्यंत एक जाड नारिंगी केबल जाते. तिच्या टोकाला मुठीएवढा कनेक्टर असतो. तो खोबणीत दाबला की एक खटका लागतो. गाडी तेवढ्यावरही चालू होते, आणि धोका तिथेच असतो. कारण त्यानंतर वरची छोटी पट्टी अंगठ्यानं पुढे सरकवायची असते, म्हणजे दुसरा खटका लागतो आणि कनेक्टर खऱ्या अर्थानं बंद होतो. दुसरा खटका राहिला तर रस्त्याच्या धक्क्यांनी कनेक्टर केसभर मागे सरकतो. धातूला धातू नीट टेकत नाही, तिथे उष्णता साठत जाते, प्लास्टिक मऊ पडतं आणि एक दिवस गाडी पेटते. या तुकड्यावरची पट्टी वितळली होती, पण अर्ध्यावरच. ती पुढे गेलीच नव्हती.

संजीवनीनं सोबतची फाईल उघडली. दुधाचा टेम्पो. चालक हिंदुराव काटकर, मसूरच्या रस्त्यावर गाडी पेटली, कॅन वाचवायला गेले आणि दोन्ही हात भाजले. शेवटची दुरुस्ती बारा दिवसांपूर्वी, कराडच्या संगम ई-मोटर्समध्ये. मेकॅनिक, प्रणोती मदने.

ते नाव तिनं पुन्हा एकदा वाचलं. प्रणोती तिचीच विद्यार्थिनी होती.

ओगलेवाडीच्या वाहन दुरुस्ती केंद्रात संजीवनी तेवीस वर्षं शिकवत होती. डिझेल इंजिनं गेली, विजेच्या गाड्या आल्या, तशी तीही पुन्हा शिकली. तिच्या हाताला सफाई अशी होती की गाडी उघडून बसली की बाकीचे मास्तर आपला तास सोडून बघायला यायचे. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी ‘करतल’ नावाची कंपनी तिच्याकडे आली होती.

त्यांची कल्पना साधी होती. बोट हलायच्या आधी मेंदूकडून स्नायूला विजेचा अगदी क्षीण संदेश जातो. कोपराखाली घट्ट बसणाऱ्या एका बाहीतले चौसष्ट संवेदक तो संदेश टिपायचे. बोटांच्या टोकांवरचे आणखी काही संवेदक दाब आणि थरथर मोजायचे. एखादा निष्णात कारागीर काम करताना त्याच्या हातात जे जे घडतं, त्याची अशी नोंद व्हायची. कंपनीनं तिला नाव दिलं होतं हस्तलेख. मग तीच बाही शिकणाऱ्याच्या हातावर चढवायची, आणि उलटा प्रवास सुरू. सौम्य विजेनं त्याचे स्नायू त्याच क्रमानं, त्याच जोरानं आखडायचे. बोटांना तीच थरथर जाणवायची. चाळीस तास असा सराव झाला की बाही काढली तरी हात विसरत नसे. सायकल शिकलेला माणूस जसा तोल विसरत नाही, तसंच.

दोन वर्षांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांवर आला. राज्यभर मेकॅनिकांचा दुष्काळ होता, तो हटला. अकरा हजार मुलामुलींच्या हातात आता संजीवनी थोरवडेचा हात होता. कुठल्याही गावच्या गॅरेजात शिरलं की कुणीतरी तिच्यासारखाच पाना फिरवताना दिसायचं. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो ती लपवत नसे.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात हिंदुरावांना भेटायला गेली. दोन्ही हातांना कोपरापर्यंत बँडेज होतं. त्यांची बायको चमच्यानं चहा पाजत होती.

“त्या पोरीला लई बोलू नका, बाई,” हिंदुराव म्हणाले. “चांगली हाय ती. गाडी देताना म्हणाली, मामा, निवांत जावा आता.”

दुसऱ्या कुणाला हे ऐकून बरं वाटलं असतं. संजीवनीच्या मनात मात्र शंका उभी राहिली. गाडी सोपवताना मेकॅनिक एवढं आवर्जून कशाला सांगेल? काम अर्धवट राहिल्याचं तिला माहीत तर नव्हतं?

त्याच संशयाचं भिंग घेऊन ती प्रणोतीसमोर बसली. चोवीस वर्षांची, सडपातळ, निळ्या ओव्हरऑलमधली मुलगी. हात धुऊन आली होती, तरी नखांच्या कडा काळ्या होत्या.

“दुसरा खटका लावलास का?”

“लावला, मॅडम.”

“कशावरून?”

“अंगठ्याला लागला ना. खटका माझ्या अंगठ्याला लागला.”

“पट्टी अर्ध्यावर होती, प्रणोती. मी भिंगाखाली बघितलीय.”

“मी काय सांगू मग? मला लागला होता.”

“त्या दिवशी सहा गाड्या केल्यास तू. घाईत होतीस?”

“नाही.”

“मध्येच कुणी हाक मारली? फोन आला?”

“नाही, मॅडम. तुम्ही मला ओळखता ना?”

संजीवनीला तो प्रश्न आवडला नाही. ओळखीचा दाखला द्यायची वेळ खोटं बोलणाऱ्यावरच येते, असं तिला वाटलं. मुलीची नजर स्थिर होती, आवाज कापत नव्हता. त्याचाही तिनं उलटाच अर्थ लावला. चुकलेला माणूस निदान गोंधळतो; ही तर पाठ करून आल्यासारखी बोलतेय.

तिनं अहवाल लिहिला. वस्तू निर्दोष, हाताळणीत निष्काळजीपणा, वर चौकशीत असत्य कथन. प्रणोतीचा परवाना स्थगित झाला. संगम ई-मोटर्सनं तिला त्याच दिवशी घरी पाठवलं.

तीन आठवड्यांनी दुसरी पिशवी आली. जालन्याहून. पाठोपाठ तिसरी, चंद्रपूरहून. दोन्हीकडे गाडी पेटण्याआधीच धूर दिसला होता, माणसं वाचली होती. दोन्ही पट्ट्या अर्ध्यावर.

संजीवनीनं जालन्याच्या मेकॅनिकला व्हिडिओ कॉल लावला. पस्तिशीचा, दाढीवाला, शांत माणूस.

“खटका लागला होता, मॅडम,” तो म्हणाला. “अंगठ्याला लागला ना.”

तिनं त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग चंद्रपूरला फोन केला. तिथल्या मुलीनं रडत रडत तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत.

तीन जिल्ह्यांतली तीन माणसं आणि एक वाक्य. यांना कुणीतरी पढवलंय, हा तिचा पहिला विचार. एकच वकील? एखादी संघटना? तिनं तिघांच्या प्रशिक्षणाच्या तुकड्या, गावं, नोकऱ्या तपासल्या. एकमेकांना ओळखण्याचं काहीच कारण नव्हतं. मग तिचा संशय कनेक्टरवर गेला. तिनं बाजारातून पाच नवे कनेक्टर आणवले, करवतीनं उभे कापले, आतल्या स्प्रिंगा मोजल्या. सगळं चोख. नव्या पट्ट्या तेवढ्या जरा ताठ होत्या, पण नवी वस्तू ताठ असायचीच.

शेवटी तिनं करतलच्या प्रशिक्षण प्रमुखाला, ऋत्विक चांदोरकरला फोन केला.

“योगायोग असतो हो, मॅडम,” तो मोकळेपणानं म्हणाला. “अकरा हजारांत दोन-चार आळशी निघणारच. कराड, जालना आणि चंद्रपूर सोडलं तर बाकीच्या ठिकाणी तर नुकसानही...”

तो थांबला.

“बाकीच्या ठिकाणी म्हणजे?” संजीवनीनं विचारलं.

“म्हणजे एकूणच म्हणतोय मी. मीटिंग आहे, नंतर बोलू?”

तो नंतर बोलला नाही. पण संजीवनीच्या संशयाला आता दिशा मिळाली होती. लोक खोटं बोलत असतील तर एक वेळ समजता येईल. पण इतकी माणसं एकच खोटं, इतक्या शांतपणे बोलत असतील, तर ते त्यांना खरंच वाटत असणार.

तिनं प्रणोतीला केंद्रावर बोलावलं. मुलगी येईल असं तिला वाटलं नव्हतं. ती आली, पण खुर्चीत बसली नाही.

“आणखी काय लिहून घ्यायचंय?”

“काही नाही. फक्त हे पाच कनेक्टर लाव. प्रत्येक वेळी दुसरा खटका लागला की सांग.”

प्रणोतीनं तिच्याकडे एकवार पाहिलं आणि कामाला लागली. संजीवनी तिच्या उजव्या हाताकडे बघत राहिली. मनगटाचं ते किंचित वळण, अंगठा टेकवण्याआधी तर्जनीनं घेतलेला तो आधार. आरशात बघावं तसं तिला झालं.

“लागला,” प्रणोती म्हणाली. दुसऱ्याला म्हणाली, “लागला.” तिसऱ्याला, चौथ्याला, पाचव्याला.

संजीवनीनं दुसरा आणि चौथा कनेक्टर तिच्यासमोर उलटा केला. “या दोघांच्या आतली खाच मी सकाळीच काढून टाकलीय. यांना दुसरा खटका लागूच शकत नाही.”

प्रणोतीनं कनेक्टर उचलला. पट्टी मागे-पुढे केली. ती लोण्यातून सुरी जावी तशी गुळगुळीत सरकत होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“पण मला लागला,” ती हळू आवाजात म्हणाली. “आत्ता लागला, मॅडम. देवाशप्पथ.”

“माहीत आहे मला.”

मेंदू नुसता स्पर्श ऐकत बसत नाही, तो अंदाजही बांधतो. जिन्याची पायरी आहे असं धरून आपण पाय टाकतो, तशी बोटंही पुढच्या स्पर्शाची तयारी ठेवतात. चाळीस तास बाहीनं या मुलांच्या अंगठ्याला ठरावीक जोर लावायला शिकवलं होतं, आणि त्या जोराच्या शेवटी दरवेळी न चुकता खटक्याची थरथर दिली होती. शेवटी मेंदूनं दोन्हींची गाठ बांधली. तेवढा जोर लागला की खटका जाणवलाच. खराखुरा लागो वा न लागो.

“म्हणजे मी खोटं बोलले?” प्रणोतीनं विचारलं.

“तू नाही. तुझा अंगठा बोलला.”

एवढ्यानं भागत नव्हतं. तो जोर मुळात कमी का पडला, हा प्रश्न उरलाच. जोर तर संजीवनीचाच होता, आणि विजेच्या गाड्या आल्यापासून तिनं लावलेला एकही कनेक्टर कधी सुटला नव्हता. तिनं नवा कनेक्टर उचलला आणि स्वतः लावायला घेतला. अंगठा पुढे गेला, थांबला. त्याच क्षणी तिचा डावा हात आपणहून केबलकडे गेला आणि त्यानं केबलला एक बारीक हिसका दिला. पट्टी हलली. अंगठा पुन्हा पुढे गेला. आता खटका लागला.

ती जागच्या जागी थबकली. हे आपण करतो, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. शिकवताना तिनं ते कधी सांगितलं नव्हतं. जुनी मुलं बघून बघून उचलायची.

“प्रणोती, तुझा डावा हात कुठे होता?”

“टेबलावर,” प्रणोती म्हणाली. “आम्हाला शिकवलंय तसा.”

मग संजीवनीला ती खोली आठवली. पुण्यातली, थंडगार, पांढऱ्या भिंतींची. तिथे तीन दिवस तिचं काम टिपलं गेलं होतं. बाही एकच होती, उजव्या हाताची. डावा हात मध्ये आला की पडद्यावरच्या रेघा बिघडायच्या. “मॅडम, तो हात जरा टेबलावर ठेवाल का?” असं चांदोरकर म्हणाला होता. तिला अवघडल्यासारखं झालं होतं. पण समोर कॅमेरे होते, माणसं कौतुकानं बघत होती, आणि तिनं हात टेबलावर ठेवला. एकच कनेक्टर शेकडो वेळा लावून घेतला त्यांनी. पहिल्या तासातच त्याची पट्टी झिजून सैल झाली, आणि तिचा अंगठा त्या सैल पट्टीपुरताच जोर लावायला लागला. तपासणारा हात टेबलावर पडून होता. त्याला कुणी विचारलंच नाही.

दोन दिवसांनी चांदोरकर स्वतः आला. संजीवनीनं त्याला सगळं दाखवलं. त्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही, आणि तेवढ्यावरून तिला कळलं की त्याला हे आधीच ठाऊक होतं.

“एकूण किती?” तिनं विचारलं.

“एकोणीस,” तो म्हणाला. “जीव कुणाचा गेला नाही. मॅडम, आम्ही सुधारित हस्तलेख तयार केलाय. पुढच्या महिन्यापासून नव्या मुलांना तोच मिळेल. गाजावाजा न करता काम होऊन जाईल.”

“आणि जुनी अकरा हजार?”

“हळूहळू करू काहीतरी.”

“फोनमधला दोष अपडेटनं जातो, चांदोरकर. हातातला कसा जाणार? ती माणसं आत्ता, या घडीला, कुठे ना कुठे कनेक्टर लावतायत. आणि त्यांना वाटतंय, खटका लागला.”

तो जवळ सरकला. “हस्तलेखावर नाव तुमचं आहे. लोक कंपनीचं नाव विसरतील. तुमचं नाही. शिवाय तुमचा अहवाल समितीनं स्वीकारलाय. आता तुम्हीच तो खोटा ठरवणार का?”

तो गेल्यावरही संजीवनी बराच वेळ त्याच्या बोलण्याचा विचार करत बसली. त्यात तिला धमकी दिसली होती, पण ते खोटं नव्हतं. पुढचे दोन दिवस ती नुसती शब्द जुळवत राहिली. नोंदीतील तांत्रिक त्रुटी. उपकरणाची मर्यादा. अशा शब्दांत काय सोय आहे, हे तिला नीट कळत होतं, आणि त्या सोयीचाच तिला आता संशय यायला लागला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं सगळे कागद फाडले आणि समितीला एक पान लिहिलं. माझा पहिला अहवाल चुकीचा आहे. प्रणोती मदने हिनं असत्य कथन केलेलं नाही. दोष हस्तलेखात आहे. तो देताना डावा हात वापरू नका असं मला सांगितलं गेलं आणि मी ते मान्य केलं. अकरा हजार मेकॅनिकांना ताबडतोब कळवावं.

मग जे व्हायचं ते झालं. बाह्या बंद झाल्या, त्यांवर शिकलेल्या मेकॅनिकांची कामं थांबवली गेली. गॅरेजं आठवडाभर ओस पडली. रस्त्यांवर अडकलेल्या गाड्यांचे मालक संजीवनीच्या नावानं बोटं मोडू लागले. केंद्रानं तिला चौकशी होईपर्यंत रजेवर पाठवलं. हिंदुरावांच्या बायकोनं फोनवर फक्त एवढंच विचारलं, “म्हंजे बाई, तुमच्या हातानं ह्यांचे हात गेले?” संजीवनी “हो” म्हणाली. पलीकडून फोन ठेवला गेला.

प्रणोतीच्या घरी जायला तिला आणखी चार दिवस लागले. मुलगी अंगणात कुकरची शिट्टी दुरुस्त करत बसली होती. तिची आई पाणी ठेवून आत गेली.

“परवाना परत मिळेल तुझा,” संजीवनी म्हणाली. “पत्र निघालंय. फक्त नव्यानं एक परीक्षा द्यावी लागेल, सगळ्यांनाच. सराव मी करून घेईन तुझ्याकडून. डाव्या हातासकट.”

प्रणोती शिट्टीत फुंकर मारत राहिली.

“मी तुझी माफी मागायला आलेय.”

“मॅडम, मी खरं बोलतेय हे मी तुम्हाला सांगितलं होतं,” प्रणोती म्हणाली. “तेव्हा पटलं नाही. दोन मोडके कनेक्टर म्हणाले, तेव्हा पटलं.”

“हो,” संजीवनी म्हणाली.

“आणि आता मलाच माझं पटत नाही,” मुलगी पुढे म्हणाली. आता पहिल्यांदाच तिचा आवाज कापला. “गॅस बंद केला की आईला बघायला पाठवते. दाराची कडी लागली तरी दोनदा ओढते. भाजी चिरताना वाटतं, हा हात माझाय की तुमचा?”

कुकरची शिट्टी तिनं ताटलीत ठेवली.

“सराव करेन मी तुमच्याकडे. दुसरं कोण शिकवणार? पण परीक्षा तुम्ही घ्यायची नाही. माझ्या कागदावर तुमची सही नको.”

“बरोबर आहे,” संजीवनी म्हणाली.

सराव महिनाभर चालला, प्रणोतीच्याच अंगणात, एका भंगारातल्या गाडीवर. बाही नाही, पडदा नाही. संजीवनी एकदा करून दाखवायची आणि बाजूला व्हायची. आपला हात तिच्या हाताला लावायचा तिनं कटाक्षानं टाळलं. प्रणोतीही कामापलीकडे फारसं बोलली नाही.

परीक्षा सांगलीला झाली. आठवड्यानं तिथले परीक्षक कदम यांचा फोन आला. त्यांना संजीवनीकडून जुनी प्रश्नपत्रिका हवी होती. बोलता बोलता ते म्हणाले, “तुमच्या कराडची एक मुलगी होती, मदने. फार हळू आहे हो. आठ मिनिटांच्या कामाला एकोणीस मिनिटं. लावते, ओढून बघते, परत काढते, परत लावते. मी म्हटलं, लागला की आता. तर मलाच म्हणते, तुम्ही बघा ओढून.”

“मग बघितलंत?”

“बघितलं ना. काय करणार?”

“निसटला एखादा?”

“एकही नाही,” कदम म्हणाले. “पण वेळेचे गुण कापावे लागले. निकाल सांगू का तिचा?”

“नको,” संजीवनी म्हणाली. “तिला सांगा.”